दुभत्याच्या कपाटातला निधानप्पा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

बोरहळ्ळी, ता. अक्कलकोट
४ ऑक्टोबर १९७४

चि. रुद्रप्पा तम्मास,
गौराक्काचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आलं तर हसू नको. ओळीखाली फुटपट्टी धरून लिहितेय, तरी शाई कुठं पडती ते दिसत न्हाय. मालकांनी मला पोत्यांवरची नावं वाचायला शिकवली, तिथनं मी माझी मी पत्रापर्यंत आले. आता पुन्हा पोत्यावरच्याएवढं अक्षर काढलं तरच माझं मला वाचता येतं. गेलेली वाट परत चालायची म्हणायची.

धाकट्या भावाचं म्हणणं शेवटी ऐकलं. मिरजेला सावित्रीकडं जाते आणि उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेते. लेकीच्या घरी इतके दिवस राहायचं जिवावर येतं, पण जावईबापूंनी स्वतः पत्र घालून बोलावलंय. तेव्हा आता तू मागं लागायचं बंद कर.

माझी एक अट मात्र हाय. मी येईस्तोवर निधानप्पा तुझ्याकडं राहील. शिमग्याला तू आला होतास तेव्हा त्याला बघून दारातच थबकला होतास, तोच. रांजणातल्या बेलावरचा गुंडाळ्या शेपटीचा सरडा. इथल्या मराठी बायका विचारतात, हे कसलं नाव. त्यांना सांगावं लागतं की आमच्या कानडीत निधान म्हणजे सावकाश. आता बघ, मला पाखरू दिसत न्हाय, मांजर दिसत न्हाय. नजर पोचेस्तोवर ती निघून गेलेली असतात. हा एकटा थांबतो. पाऊल उचलतो, हवेत धरतो, इचार करतो, मग ठेवतो. तेवढ्यात माझी नजर तिथं पोचती. मालक गेल्यावर माझ्यासाठी एवढं कुणी थांबलं न्हाय.

घर बंद राहणार. आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक हाय, सरडा दिसला की आधी दगड उचलतात आणि मग इचार करतात. म्हणून चन्नवीर मुगाची पोती घेऊन सोलापुरात येतोय, त्याच्याबरोबर दुरडीत घालून पाठवते. त्याला नीट जागा कर. मुंग्या लागू देऊ नको, मांजराला जवळ येऊ देऊ नको.

खाण्याची काळजी न्हाय. बाकीचे सरडे किडे खात असतील, हा त्यातला न्हाय. दोन पावसाळे माझ्यासमोर बसलाय, त्याच्या तोंडात माशी गेलेली मी एकदाही बघितली न्हाय. बेलाच्या पानावरचं पाणी चाटतो, बास. आपल्यातलाच हाय म्हण. तो एवढ्यावर राहतो, मग मला एक वेळची भाकरी का पुरू नये? तू आणि तुझी बायको रत्नम्मा उगाच धोशा लावता की संध्याकाळी पण जेव. त्याच्यासमोर बसून दुसऱ्यांदा जेवायची मला लाज वाटती.

मोतीबिंदू निघाला की पहिल्यांदा त्यालाच बघायचंय. रंग बदलतो म्हणतात, मला तर नुसता एक डाग दिसतो. तो न्हाई राहिला तर पट्टी सोडून तरी काय बघायचं?

रत्नम्माला सांग, तिच्या धपाट्यांची आठवण काढली. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी अक्का,
गौरम्मा

*

सोलापूर
९ ऑक्टोबर १९७४

ती. गं. भा. अक्काचे सेवेशी,
रुद्रप्पाचा सा. न. वि. वि.

तुझा पाहुणा सुखरूप पोचला. चन्नवीरने दुरडी दुकानात गादीवरच ठेवली आणि आत अक्कांचं माणूस आहे एवढंच सांगून तो चहाला गेला. एका गिऱ्हाईक बाईंना वाटलं, खेड्याकडून भाजी आली. त्यांनी झाकण उचललं. बाई खण घ्यायला आल्या होत्या, त्या खण न घेता गेल्या.

जागेचा मी फार विचार केला. पोपटाचा पिंजरा आणून पाहिला, तर त्याच्या गजांतून साहेब अर्धे बाहेर. दुरडीवर फडकं बांधलं, तर आत अंधार. शेवटी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि समोर उत्तर उभं. रत्नम्माचं दुभत्याचं कपाट. चारी बाजूंनी जाळी, हवा खेळती, आणि जाळी इतकी बारीक की डाससुद्धा आत जाईल तर शपथ. पायांखाली पाण्याच्या वाट्या असतातच, त्यामुळे मुंगीची काय बिशाद.

ईरप्पा सुताराला बोलावून मधली फळी काढवली. आत पेरूच्या फांद्या तिरप्या बसवल्या, जाड-बारीक दोन्ही, म्हणजे त्याला पायात धरायला निवड राहील. तुपाच्या रिकाम्या डब्यात बेलाचं रोप लावलं आणि खाली वाटीत पाणी ठेवलं. कपाट पडवीत पूर्वेला तोंड करून मांडलंय, सकाळचं ऊन मिळतं. ईरप्पा म्हणाला की मुलीच्या लग्नातल्या कपाटालाही त्यानं एवढा रंधा मारला नव्हता. गल्लीतली माणसं बघून जातात आणि मान डोलावतात. मला स्वतःला ते काम इतकं आवडलंय की दुकानातून येताना मी पुढच्या दाराऐवजी पडवीच्या दाराने येतो.

फक्त रत्नम्मा माझ्याशी मोजकं बोलते. तिचं दूध-दही आता उघड्या फळीवर आलंय. तिचं म्हणणं, तुमच्या अक्कांचा सरडा माडीत आणि माझं दूध रस्त्यावर. पण ते ती हसून म्हणाली, असं मी धरून चाललोय.

तू निश्चिंत मनाने जा. त्याला काही होणार नाही, हा माझा शब्द. आणि अक्का, ऑपरेशनला अंगात ताकद लागते. संध्याकाळचं जेव. इथे त्याच्यासमोर मी बसतो, तू तिथे जेव.

जशी सावली ठेवली आहेस तशी राहू दे.

तुझा तम्मा,
रुद्रप्पा

*

मिरज
१५ ऑक्टोबर १९७४

चि. रुद्रप्पास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

उद्या डोळा कापणार. त्याआधी माझ्या हातानं एवढं लिहून ठेवते.

कपाटाचं सावित्रीनं तीनदा वाचून दाखवलं. जावईबापू म्हणाले, मामांनी सरड्याला बंगला बांधला. ऐकून मन निवलं. एक चूक केलीस. वाटीतलं पाणी त्याला कळत न्हाय. पूजा झाली की ओल्या हातानं बेलावर पाणी शिंपड, पानावर थेंब थरथरला की तो जीभ लावतो. मी अगदी नाकाजवळ जाऊन बघितलंय.

डॉक्टर तरणा हाय. माझं मनगट धरून म्हणाला की आजी, तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत जातात, दोन्ही वेळ जेवा. मी त्याला निधानप्पाचं सांगितलं. म्हणाला की असा सरडा त्यानं पुस्तकात वाचलेला न्हाय. मी म्हणाले, पुस्तक लिहिणारा बोरहळ्ळीला आला नसंल.

पट्टी बांधल्यावर रडायचं न्हाय, खोकायचं न्हाय, वाकायचं न्हाय म्हणे. वाईट बातमी तर बिलकूल ऐकायची न्हाय. सावित्री रोज सकाळी मला तुझं जुनं पत्र वाचून दाखवील. नवं धाडत राहा.

रत्नम्माला तिचं कपाट मी सोन्यासारखं परत करीन. देवानं डोळा दिला तर भेटूच, न्हाई तर हाक ओळखीन.

तुझी अक्का

*

सोलापूर
२४ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. सावित्रीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झाल्याची तार मिळाली. जीव भांड्यात पडला. रत्नम्माने देवापुढे साखर ठेवली.

हे पत्र तू एकटीने वाच. अक्काला वाचून दाखवू नकोस. निधानप्पाचं काही खरं नाही. आला तेव्हा पोपटी होता, आता चुलीतल्या राखेसारखा झालाय. डोळ्यांचे दोन मणी आत गेलेत. दिवसभर जाळीला चिकटून बसतो आणि बाहेर बघतो. तुझ्या आईने सांगितलं तसं रोज बेलावर पाणी शिंपडतो, ते तो घेतो. पण नुसत्या पाण्यावर कसं भागणार, म्हणून मी माझ्या मनाने मुगाची डाळ भिजवून ठेवली. केळ्याची चकती ठेवली. कापसाच्या बोळ्याने दूध-साखर लावून पाहिली. एका सोमवारी रत्नम्माने प्रसादाचा शिरासुद्धा ठेवला. तो बघत नाही. केळं काळं पडलं आणि तोही.

किडे खाणं ही सरड्याची जात, हे मलाही कळतं गं. पण तुझी आई शपथेवर सांगते की हा खात नाही. दोन वर्षं जिने त्याला जवळून पाहिलं तिचं खरं मानू की माझं? समजा खातही असेल, तर गळ्यात लिंग बांधलेल्या माझ्यासारख्याने माशा मारून चारायच्या? आपल्या घरात आजवर ढेकूणसुद्धा चिमटीत धरून बाहेर नेऊन सोडलाय.

काय करावं सुचत नाही. मी शब्द देऊन बसलोय. तिकडे त्याच्या नावाने एक बाई पट्टी बांधून पडली आहे आणि इकडे हा असा.

तुमचं कुशल कळवत जा. माझ्या नावाचं वेगळं पाकीट घाल.

तुझा मामा,
रुद्रप्पा

*

मिरज
२९ ऑक्टोबर १९७४

ती. मामांस,
सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले, कारण अव्वासमोर रडायची सोय नाही. तिला डोळे बांधल्यापासून ऐकू जास्त येतं. पाकीट फोडल्याचा आवाज आला की विचारते, रुद्रप्पाचं का?

मी तुमचं पहिलं पत्रच पुन्हा वाचते आणि मधे एखादं वाक्य मनचं घालते. काल सांगितलं की निधानप्पा आता तुमच्या हातावर येतो. ती खूश झाली, आणि लगेच म्हणाली की माझ्या हातावर यायला त्याला अख्खा श्रावण लागला होता, रुद्रप्पाच्या हातावर इतक्या लवकर कसा आला. खोटं बोलायलासुद्धा अभ्यास लागतो, मामा.

जेवणाचं तेच. सकाळी भाकरी चुरून खाते. संध्याकाळी ताट नेलं की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात, जखम भरायला अन्न पाहिजे. मी रागावले तर म्हणाली, तो तिथं कपाटात उपाशी आणि मी इथं दोनदा जेवू? खरंच तो उपाशी आहे हे तिला ठाऊक नाही आणि मला आहे.

किडे-माशांचं पाप कुणाला लागायचं ते मला लागू दे. मी इथून काय करू शकते ते सांगा. मामींना नमस्कार. या घराकडे असंच लक्ष असू द्या.

तुमची,
सावित्री

*

सोलापूर
५ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. सावित्रीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटात दोन कागद आहेत. निळा कागद अक्काला वाचून दाखव. हा पांढरा तुझा.

निधानप्पा जगला. मी काहीच केलेलं नाही, केलं ते तुझ्या मामीने. रविवारी सकाळी ती फळीवरचं दूध झाकत होती. दुभतं उघड्यावर आल्यापासून आमच्या घरी माशांची जत्रा भरते. त्यातली एक माशी उडून कपाटाच्या जाळीवर, बाहेरच्या अंगाला बसली. तेवढ्यात आतून टप् असा आवाज झाला. रत्नम्माला वाटलं, आत पान गळलं. पुन्हा माशी बसली, पुन्हा टप्. मग ती वाकून बघायला गेली, तर निधानप्पाच्या तोंडातून त्याच्याएवढीच लांब जीभ सुटली, जाळीवर आपटली आणि परत आत गेली. बिचाऱ्याच्या जिभेच्या टोकाला जाळीचा गंज लागलेला.

तिने मला पूजेवरून उठवलं. एरवी घराला आग लागली तरी उठवत नाही. म्हणाली की धनी, दुभत्याचं कपाट कशासाठी करतात? माशी आत जाऊ नये म्हणून. ज्याला माशी पाहिजे त्याला तुम्ही आत कोंडलंत आणि ज्याला नको ते दूध बाहेर मांडलंत. आता दोघांची अदलाबदल करा.

मी पापाचं बोललो. ती म्हणाली, आपण माशी धरायची नाही, मारायची नाही. दार मोठं ठेवायचं. येणारी आपल्या पायाने येईल, खाणारा आपल्या तोंडाने खाईल. आपण मधे कोण? मी जन्मभर पुराण ऐकत आलो, पण माझ्या डोक्यात असा उजेड कधी पडला नाही.

लगेच ईरप्पाला बोलावलं. अंगणात पेरूच्या सावलीत माणसाच्या छातीएवढी चौकट उभी केली. बेलाचा डबा आत ठेवला, फांद्या त्याच बसवल्या. आता जाळी अशी पाहिजे की माशी सहज जाईल आणि सरडा येणार नाही. तशी एकच मिळते, कोंबड्यांच्या खुराड्याची. ती गुंडाळी खांद्यावर टाकून मधल्या मारुतीच्या बाजारापासून घरापर्यंत मी चालत आलो आणि नेमके गल्लीच्या तोंडाशी वीरभद्रप्पा बसलेले. आमच्या गल्लीचे तेच वडीलधारे. त्यांनी गुंडाळी नीट बघून घेतली. सोमवारच्या भजनाला टाळ खाली ठेवून सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं की रुद्रप्पा, अंडी कधीपासून देणार? मी खरं सांगितलं, ते कुणालाच पटलं नाही. कोंबड्याच बऱ्या होत्या, असं एकाचं मत पडलं.

रत्नम्माने जाळीच्या आत फडक्यात गुळाचा खडा बांधून टांगला. अर्ध्या तासात माशा घोंगावायला लागल्या. त्याने एक डोळा इकडे फिरवला, एक तिकडे, आणि मग दोन्ही एकाच ठिकाणी आणले. मी तोंड फिरवून उभा होतो, पण आवाज ऐकला. ऐकून मला इतकं बरं वाटलं की ते कबूल करायलाही लाज वाटते. आज त्याच्या पाठीवर पोपटी रंग परत चढायला लागलाय.

अक्काला यातलं काही नको. तो उपाशी राहतो या एका गोष्टीवर तिने किती दिवस काढलेत ते तुला ठाऊक आहे. पट्टी सुटेपर्यंत तरी ते मोडायला नको. पुढचं पुढे.

तुझा मामा,
रुद्रप्पा

(निळा कागद)

ती. अक्कास सा. न. वि. वि. तुझा निधानप्पा मजेत आहे. त्याला आता अंगणात नवी मोठी जागा केली आहे. कपाटात हवा कोंडत होती, म्हणून या वेळी जाळी मोठ्या भोकांची घेतली. तो दिवसभर पेरूच्या सावलीत असतो. रत्नम्माचं कपाट तिला परत मिळालं, त्यामुळे आम्हाला पुन्हा साय मिळू लागली. संध्याकाळचं जेव. तुझा तम्मा.

*

मिरज
२० नोव्हेंबर १९७४

चि. रुद्रप्पास,
अ. उ. आशीर्वाद. लेखणी सावित्रीची, बोल माझे. मी सांगीन तसंच लिहायचं असं तिला बजावलंय.

पट्टी सुटली. आता डोळ्यावर हिरवा कागद लावतात. चष्मा अजून यायचाय, त्यामुळं जग सगळं पाण्याखाली बुडाल्यागत दिसतं, पण उजेड कुठला नि सावली कुठली ते कळतंय. दिवाळीच्या पणत्या मी फुलांसारख्या बघितल्या.

तुझ्या निळ्या कागदाचा मी पुष्कळ इचार केला. पडून राहिलेल्या माणसाला तेवढंच काम. कपाटात हवा कोंडती म्हणालास. अरे, ज्या कपाटात दह्याला वास लागत न्हाय त्यात हवा कशी कोंडंल? आणि चन्नवीरचा भाऊ सोलापुरास्नं हितं आला होता, तो जावईबापूंना सांगत होता की तुमच्या मामांनी कोंबड्या पाळल्या. मी म्हणाले, माझा तम्मा तसा न्हाय. पण मनात आलं, निधानप्पा आणि कोंबड्या एका अंगणात कशा राहतील? कोंबडी तर टोचून खाती.

(मामा, मी इथे खोकला आल्याचं नाटक करून दोन ओळी घालते. तिला वेळ मारून नेण्यासाठी सांगितलंय की कोंबड्या शेजाऱ्यांच्या. तुम्ही तेच धरून ठेवा. सा.)

ही खोकली कशाला ते मला कळत न्हाय. बरं. चष्मा आला की थेट सोलापूरला उतरते. तिथनं त्याला घेऊन गावाकडं जाईन. तोवर तुमच्या घरातला दिवा आमच्यासाठी जरा मोठा ठेवा.

तुझी अक्का

*

सोलापूर
६ डिसेंबर १९७४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

चष्मा मिळाल्याचं सावित्रीने कळवलं. पुढच्या आठवड्यात ये. स्टेशनवर मी येतो. डबा कुठला ते कळव, आणि घाईने उतरू नकोस, पायरी दिसते त्यापेक्षा खाली असेल. अशा चष्म्याने सगळं जवळ दिसतं, असं दुकानाशेजारचे एक गृहस्थ सांगत होते. तेही पहिला महिना चहा बशीबाहेर ओतायचे.

निधानप्पा अंगाने भरलाय. उगाच काही मनात आणू नकोस. तू आलीस की निवांत बोलू. बोलण्यासारखं थोडं आहे.

रत्नम्मा तुझ्यासाठी शेंगांची चटणी कुटते आहे. संध्याकाळी इथे कुणी उपाशी झोपत नाही, हे आधीच सांगून ठेवते म्हणाली. यावे, ही सगळ्यांची वाट पाहणारी नजर.

तुझा तम्मा,
रुद्रप्पा

*

बोरहळ्ळी
३० डिसेंबर १९७४

चि. रुद्रप्पा तम्मास,
गौराक्काचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बघ. फुटपट्टी न्हाय, सावित्री न्हाय. माझं मी लिहिलं आणि माझं मी वाचलं.

तुझ्याकडं चार दिवस राहिले, पोटभर बोललो, तरी जे बोलायचं ते राहिलंच. तू म्हणालास थोडं बोलायचंय, आणि मी अंगणाकडं निघाले की तुला दुकान आठवायचं. पहिल्या दिवशी तर चपला उलट्या घालून पळालास. मी बघितलं. आता मला सगळं दिसतं, हे तू इसरलास.

तू गेलास तसं रत्नम्मानं मला जाळीसमोर पाट मांडून दिला. निधानप्पा बेलावर होता. अरे, तो हिरवा हाय! कोवळ्या हरभऱ्यागत, आणि कुशीवर पांढरी रेघ. दोन वर्षं मी नुसत्या डागावर माया केली. मी बघत बसले, तोच माझ्या चष्म्याच्या काचेवरनं एक रेघ सर्रकन गेली. मला वाटलं, काच तडकली. काढून पदरानं पुसली, उजेडाला धरली, धड होती. परत घातली. परत रेघ. मग तिसऱ्यांदा मी रेघेच्या टोकाला माशी बघितली.

मी इतकी हसले की रत्नम्मानं माझा डोळा धरला, टाका तुटंल म्हणून. मग तिनं कपाटापासनं गुळापर्यंत सगळं सांगितलं. मीच तिला म्हणाले, रुद्रप्पाला कळू देऊ नको की मला कळलंय. म्हणून त्या रात्री जेवताना मी तुला विचारलं की तम्मा, हा इतका भरला कशानं? तुला ठसका लागला आणि तू म्हणालास, सोलापूरच्या हवेनं. सोलापूरच्या हवेनं आजवर कोण भरलंय रे? रत्नम्मा पदरात तोंड घालून आत पळाली ते आमटी आणायला न्हाय.

तुला वाटलं, मला वाईट वाटंल. वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याचं न्हाय वाटलं. बेलाचं पान देवाला वाहायच्या आधी मी फुंकर घालते, त्या फुंकरीनं उडालेली कीड कुठं जाती हे मी कधी इचारलं होतं? दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. मालक गेले तवापासनं मला कुणीतरी उपाशी सोबती पाहिजे होता. तो मी त्याला केला. आणि हा गडी माझ्या डोळ्यादेखत दोन वर्षं रोज पोटभर जेवत होता. मला दिसत नव्हतं एवढंच. त्याच्या नावानं उपाशी मी, आणि तो दिवसाकाठी वीस माश्या मारून मिशीला तूप लावून बसलेला. मालकांना हे सांगता आलं असतं तर ते पोट धरून हसले असते.

तू शब्द पाळलास, तम्मा. आणि शब्द पाळायला खोटं बोललास, ते मी तुझ्या खात्यावर धरत न्हाय. गल्लीत कोंबडीवाला झालास, ते पण माझ्यापायी. वीरभद्रप्पांना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं की अक्कांनी सगळ्या कोंबड्या गावाकडं नेल्या.

जाळी तिथंच ठेवून आले ती मुद्दाम. तू दारापर्यंत गुंडाळी घेऊन माझ्यामागं आलास, तरी मी घेतली न्हाय. रत्नम्माला म्हण, तिच्यावर घेवड्याचा वेल चढव. मला नको. हितं आल्यावर मी त्याला रांजणातल्या बेलावर सोडला, आणि सकाळी बघते तर बेल रिकामा. पूर्वी असं झालं असतं तर मी दारात बसून हाका मारल्या असत्या. आता चष्मा घातला आणि पान-पान बघत गेले. बेलावर न्हाय, कुंपणावर न्हाय. शेवग्याच्या तिसऱ्या फांदीवर होता, पानांत पान होऊन. पाठमोरा. मी हाक मारली न्हाय. त्याला तिथं बरं वाटत होतं. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवला. पोरांना सांगितलंय की दगड उचलणाऱ्याचा हात मला आता गल्लीच्या टोकापासनं दिसतो.

संध्याकाळी तो परत बेलावर आला. चूल पेटलेलीच होती. मी भाकरी टाकली, तुझ्या बायकोची शेंगांची चटणी घेतली आणि उंबऱ्यावर बसले. चष्म्यानं ताट जवळ दिसतं, पहिला घास गालाला लागला. दुसरा बरोबर गेला. त्यानं एक माशी घेतली, मी एक घास. त्याचं आटपेस्तोवर मी पण ताटावरनं उठले न्हाय.

आता डाव्या डोळ्याचं उन्हाळ्यानंतर बघू. तोवर तूच येऊन जा, येताना रत्नम्मा आणि चटणी दोन्ही आण. ताट मी दोन्ही वेळचं मांडीन.

आहे तशी माया राहू दे, जाळीतनं जाती-येती.

तुझी अक्का,
गौरम्मा